तेवढा एकच नग

मी मोबाइल तपासायच्या कामात होते हे कळलं, की माणसं लग्नाच्या मांडवातसुद्धा आपला फोन काढून माझ्या हातात देतात. "बघा ना जरा, फार हँग होतो." मी बघते. आत काही हजार सुप्रभात साठलेले असतात. "फोन ठीक आहे, नातेवाईक कमी करा," असं मी सांगते आणि मग ती बाई जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलत नाही. माझी काही हरकत नसते.

आता निवृत्त झाले आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. मी फोन विकत नव्हते, दुरुस्तही करत नव्हते. फोन बाजारात जाण्याआधी त्याला छळायचं, हे माझं काम. आमची कंपनी कोथरूडला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. खाली दातांचा डॉक्टर, वर अकरावी-बारावीचे क्लास, मधे आम्ही. तिन्ही मजल्यांवर छळच चालायचा, पण आमचे पेशंट ओरडत नसत. स्वस्त फोन काढणारे ब्रँड आपले नमुने आमच्याकडे पाठवायचे. आम्ही ते तापवायचे, गारठवायचे, पाडायचे, त्यांची बटणं लाख वेळा दाबायची आणि शेवटी एक फॉर्म भरायचा. फॉर्मच्या तळाशी माझी सही. ती पडली की लॉट, म्हणजे त्या फोनांची अख्खी खेप, गोदामातून सुटायचा.

माझ्या अब्बांचं कसबा पेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. भारी घड्याळ आलं की ते चटकन उरकायचे, आणि साध्या घड्याळावर मात्र तासभर डोळ्याला भिंग लावून बसायचे. म्हणायचे, याच्याकडे दुसरं नाहीये. माझंही पुढे तसंच झालं. महागडा फोन तपासण्यात काय पराक्रम आहे? ज्याला तो परवडतो त्याच्या घरात आणखी तीन असतात. स्वस्त फोन ज्याच्या हातात आहे, त्याचं सगळं त्या एकावर चाललेलं असतं. मला माझ्या कामाचा अभिमान होता, आणि तो मी फारसा लपवतही नसे.

फोनच्या आत नखाएवढी एक चिप असते. जाहिरातीत लिहितात, 'आठ कोअर'. कोअर म्हणजे काम करणारे हात. लग्नाच्या स्वयंपाकघरात दोन आचारी आणि सहा वाढपी असावेत तसा हा प्रकार. वाढपी पापड वाढतील, पण पुरणपोळी त्यांच्याकडून व्हायची नाही. आता, काम केलं की चिप तापते. महाग फोनात ती उष्णता पसरवायला आत तांब्याचा पत्रा वगैरे घालतात. स्वस्तात तो खर्च टाळतात, आणि सॉफ्टवेअरला सांगून ठेवतात की अमुक इतकं तापलं की आचाऱ्यांना बाहेर बसव. फोन चालू राहतो, पण रांगतो. यात लबाडी नाही. चिप जळण्यापेक्षा रांगलेली बरी. प्रश्न एवढाच असतो, की आचाऱ्यांना कधी बाहेर काढायचं, आणि एकेकाला की दोघांना एकदम. तो आकडा बरोबर आहे का हे बघायला आम्ही होतो.

लबाड फोनही आले, नाही असं नाही. फोनचा वेग मोजून मार्क देणारी ॲप मिळतात. एका फोनला त्यात दरवेळी पहिल्या नंबरचे मार्क, आणि साधी नंबरांची यादी उघडताना मात्र धाप. मला संशय आला. मी त्याच ॲपचं नाव बदलून ते पुन्हा फोनमध्ये घातलं. मार्क निम्म्यावर! फोन ॲपचं नाव वाचून ओळखायचा की परीक्षक आले, आणि तेवढ्यापुरता जीव तोडून पळायचा. त्या ब्रँडचा इंजिनिअर मला म्हणाला, "मॅम, हे ऑप्टिमायझेशन आहे." मी म्हटलं, "आमच्या शाळेत याला कॉपी म्हणायचे." फॉर्मवर लाल शेरा मारला आणि त्या दिवशी घरी चालत गेले, इतकी खूश होते. तेव्हापासून मला वाटायला लागलं, की आता आपल्याला कुठला फोन फसवू शकत नाही. ते वाटणंच नडलं.

प्रयोगशाळेच्या बाहेरही फोन तपासला पाहिजे, असा माझा आग्रह असे. म्हणून प्रत्येक मॉडेलचे चार-पाच नमुने मी शहरातल्या खऱ्या माणसांना महिनाभर वापरायला द्यायची. मंडईतली एक भाजीवाली, एक शिंपी, एक रिक्षावाले. अट एकच: आपलं सिम यातच घालायचं आणि जुना फोन माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून जायचा. दुसरा फोन हाताशी असला की माणूस नव्याला खरं वापरत नाही. हा नियम माझा स्वतःचा होता, कंपनीचा नव्हे.

या माणसांत दत्ताभाऊ होते. खासगी अँब्युलन्सचे ड्रायव्हर. त्यांची गाडी खडकी स्टेशनाजवळ उभी असायची. त्यांचं गाव कधीच महापालिकेच्या हद्दीत आलं, भाषा मात्र अजून हद्दीबाहेर आहे. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. फोन दिल्यावर आठवड्यातच आले.

"ताई, ह्यो फोन दुपारचा झोपतो."

"झोपतो म्हणजे?"

"वाजतो, पन उचलू देत न्हाई. पडदा काळा. बोट घासून घासून दमलो."

मी फोन घेऊन आमच्या भट्टीत घातला. भट्टी म्हणजे उष्णतेची पेटी, फ्रिजसारखी दिसणारी. आत मे महिन्यापेक्षा कडक उन्हाळा करता येतो. तासभर तापवला, काचेतून बघत दहा कॉल केले. दहाही वेळा पडदा लगेच उजळला. मी फोन परत दिला. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, तीच तक्रार. पुन्हा भट्टी, पुन्हा दहापैकी दहा. मी म्हटलं, "दत्ताभाऊ, बोट घामाचं असेल. ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही."

त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. "आसंल," म्हणाले आणि गेले.

फॉर्ममध्ये तक्रारीपुढे कारण लिहायला एक रकाना असतो. मी लिहिलं, 'वापरकर्त्याची चूक'. तळाशी सही केली. तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, लॉट सुटणार होता.

नंतर जे घडलं ते मला दत्ताभाऊंनीच सांगितलं. एप्रिलच्या भर दुपारी खडकीतून कॉल आला. गायकवाडकाका, वय सत्तरच्या पुढे, छातीत कळा. काकांना मागे झोपवलं, त्यांची मुलगी सुनीता शेजारी बसली, गाडी निघाली. फोन नेहमीप्रमाणे समोर, काचेखाली, चार्जिंगला लावलेला, वर नकाशा चालू. अर्ध्या वाटेवर फोन वाजायला लागला. ज्या हॉस्पिटलकडे निघाले होते, तिथूनच होता. त्यांचं हृदयाच्या तपासणीचं मशीन बंद पडलं होतं, नदीपलीकडच्या दुसऱ्या हॉस्पिटलला जा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. फोन वाजला, पडदा काळा. दत्ताभाऊ एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने बोट घासताहेत. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला. मागून सुनीता ओरडली, "अहो, फोन उचला ना! कुणाचा आहे बघा तरी!"

तो उचलला गेला नाही. पहिल्या हॉस्पिटलच्या दारातून परत फिरावं लागलं, पूल गर्दीने भरलेला, पाऊण तास वाया गेला. काका वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला. रोज पहाटे होळकर पुलापर्यंत चालून येणारा माणूस, आता पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाताना मधे खुर्चीवर बसायला लागला.

काकांना घरी आणल्यावर सुनीताने अँब्युलन्सच्या मालकाकडे तक्रार केली. फोन तीनदा वाजला हे तिने कानांनी ऐकलं होतं, ड्रायव्हरने मुद्दाम उचलला नाही, अशा माणसाला गाडीवर ठेवू नका. तिचं काय चुकलं? मालकाने दत्ताभाऊंकडून चावी काढून घेतली. सांगितलं, रविवारपर्यंत पेशंटकडून तक्रार नाही असं लिहून आण, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो. आणि हे सगळ्या अँब्युलन्सवाल्यांना कळणार होतं. फोन न उचलणाऱ्या ड्रायव्हरला या शहरात दुसरी गाडी कोण देणार?

गुरुवारी सकाळी दत्ताभाऊ माझ्यापुढे उभे राहिले, टोपी हातात.

"ताई, तुमी सांगा त्यांना. फोन उचलत नव्हता म्हनून. माझं कोन ऐकंल?"

मी काय सांगणार होते? माझ्याच फॉर्ममध्ये माझ्याच अक्षरात चूक त्यांची म्हणून लिहिलेलं होतं. आणि त्यांचा जुना, चालणारा फोन माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता, माझ्याच नियमाने. मी त्यांना म्हटलं, "उद्या लॅबमध्ये या. माझ्यासमोर करून दाखवा."

शुक्रवारी ते आले. मी फोनचं कव्हर काढून बाजूला ठेवलं, फोन भट्टीतल्या स्टीलच्या जाळीवर ठेवला, दार लावलं. तासाभराने कॉल केले. दहापैकी दहा. मला रडू यायचं बाकी होतं. दत्ताभाऊ काचेला नाक लावून आत बघत होते.

"ताई, आत पंखा हाय का?"

"हो. गरम हवा सगळीकडे सारखी फिरावी म्हणून."

"आन ही जाळी स्टीलची."

"हो. का?"

"कव्हर कशापायी काढलं?"

"फॉर्ममध्ये तसं आहे. फोन उघडा तपासायचा. कव्हर प्रत्येकाचं वेगळं असतं."

ते माझ्याकडे बघत राहिले, चिडून नव्हे, नवलाने. "म्हंजी तुमी त्याला नागडं करता, लोखंडावर निजवता आन वारं घालता. ताई, ह्ये तर रेडिएटर झालं. माझ्या गाडीत कुठं हाय ह्ये सगळं?"

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. पंधरा वर्षं मी ती भट्टी चालवत होते. आतली हवा कितीही गरम असली तरी वाहती हवा आणि स्टील मिळून चिपची उष्णता ओढून नेत होते. आणि या देशात उघडा फोन कोण वापरतं हो? फोन हातात पडल्याबरोबर माणूस आधी कव्हर चढवतो. त्या मॉडेलच्या डब्यात तर ब्रँडनेच कव्हर फुकट घातलं होतं, आणि आम्ही तपासणीआधी ते काढून एका खोक्यात टाकत होतो. दत्ताभाऊंच्या कव्हरमध्ये फोनच्या पाठीला लागून हॉस्पिटलांच्या नंबरांचा एक जाड पुठ्ठाही होता. अडचणीला लागतील म्हणून ठेवलेला.

माझ्या वरिष्ठाचं नाव आदित्य. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार, मनाने वाईट नाही. त्याची गाडी इमारतीच्या मागे उन्हात उभी होती. मी चावी मागितली. तो म्हणाला, "मॅम, कशाला?" मी म्हटलं, "भट्टी म्हणून." दत्ताभाऊ ड्रायव्हरच्या सीटवर बसले, फोन कव्हरसकट काचेखाली, नकाशा चालू, चार्जर लावलेला. काचा वर. मी बाहेर, माझा फोन हातात. दहा मिनिटांनी कॉल केला, उचलला. वीस मिनिटांनी केला, जरा रेंगाळून उचलला. घाम त्यांच्या कानामागून सदऱ्यात उतरत होता. मी खुणेनं विचारलं, बाहेर येता का? त्यांनी मान हलवली. पस्तीस मिनिटांनी मी पुन्हा कॉल केला.

आतून फोन वाजताना ऐकू आला. पडदा काळा. दत्ताभाऊंचं बोट त्यावर वर-खाली फिरत होतं, बोट सदऱ्याला पुसून पुन्हा फिरत होतं. मी आकडे मोजत होते. घंटी संपली तरी पडदा काळाच. मग कितीतरी वेळाने तो उजळला आणि त्यावर आलं, एक मिस्ड कॉल. मी काचेवर थाप मारली. दत्ताभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत आनंद वगैरे काही नव्हता. गाडीत मागे कुणी नव्हतं, तरी त्यांनी एकदा मागे वळून बघितलं.

दोन्ही आचाऱ्यांना या फोनने एकदम बाहेर काढलं होतं, आणि उरलेल्यांना पडदासुद्धा वेळेत उजळता येत नव्हता. मी कपाटातून त्याच मॉडेलचे पाच कोरे नमुने आणले, डब्यातली कव्हरं चढवली आणि दुपारभर एकेक करून त्याच काचेखाली ठेवले. पाचही फोन तसेच वागले. पाचही.

शनिवारी मी आदित्यसमोर बसले. त्याने शांतपणे सगळं ऐकलं.

"मॅम, कॉर्नर केस आहे ही, हजारात एखादी. डॅशबोर्ड, चार्जिंग, नेव्हिगेशन, कव्हर, सगळं एकत्र कोण करतं?"

"रिक्षावाले. टॅक्सीवाले. सामान पोचवणारे. हा फोन घेतंय कोण, आदित्य?"

"कव्हर थर्ड पार्टी ॲक्सेसरी आहे, बाहेरची वस्तू."

"अरे, फोनच्याच डब्यात येतंय ते!"

तो म्हणाला, "मंगळवारी लॉट जातोय. तुमची सही ऑलरेडी झालीय. आता मागे घेतली तर क्लायंट जातो, आणि पहिला प्रश्न तुम्हालाच येणार की आधी कशी केलीत. सॉफ्टवेअरचं आपण पुढच्या अपडेटमध्ये बघू." अपडेट! स्वस्त फोनात अपडेट कोण घेतं? जागा भरलेली, नेट पुरवून वापरायचं. हे त्यालाही माहीत होतं. "आणि तुमच्या ड्रायव्हरचं म्हणाल तर त्याला लेटर देऊ ना. लिहा, हे युनिट डिफेक्टिव्ह होतं. तोही सेफ, आपणही सेफ."

मला ते पटलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं. मला ते पटलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, पंधरा वर्षांची सही होती, आणि दत्ताभाऊंना हवं ते मिळतच होतं. मी कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलं: श्री. दत्तात्रय यांना वापरण्यास दिलेला तेवढा एकच नग सदोष होता, कॉल न उचलला जाण्यात त्यांचा दोष नाही. खाली सही ठोकली.

रविवारी सकाळी आम्ही दोघं खडकीला गेलो. जिन्याखाली मी पत्र दत्ताभाऊंना वाचायला दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं. पाचही फोन गाडीत त्यांच्याच बोटाखाली नापास झाले होते. त्यांनी घडी घालून पत्र माझ्याकडे परत दिलं. "तुमी म्हनाल तसं, ताई." एवढंच.

गायकवाडकाका पलंगावर उशांना टेकून बसले होते. अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा. सुनीताने आम्हाला बसा म्हटलं नाही. मी माझी ओळख सांगितली, झालेलं थोडक्यात सांगितलं आणि पत्र पुढे केलं. सुनीताने ते उभ्याउभ्याच वाचलं, आणि तिचा चेहरा सैल झाला.

"म्हणजे फोनच बिघडलेला होता?" ती दत्ताभाऊंना म्हणाली. "मी तुम्हाला काय काय बोलले..."

"आवं, तुमच्या जागी मीबी तेच बोललो आसतो," दत्ताभाऊ म्हणाले.

झालं होतं काम. ती कागद आणायला वळली. तेवढ्यात काकांनी हात पुढे केला. "बघू ते पत्र."

चष्मा लावून त्यांनी ते वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. "नग," ते म्हणाले. त्यांना बोलताना मधे मधे श्वास घ्यावा लागत होता. "आमच्याकडे पण नगच म्हणायचे. बत्तीस वर्षं तपासणीत होतो मी. इथेच, दारूगोळ्याच्या कारखान्यात."

"हा एक तपासलात. अजून किती तपासले?"

मला खोटं बोलता आलं असतं. एकही नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. दत्ताभाऊ फरशीकडे बघत होते, आणि मला कळत होतं की मी काहीही बोलले तरी हा माणूस तोंड उघडणार नाही.

"पाच," मी म्हटलं.

"त्यांचं काय झालं?"

"पाचही तसेच."

"मग एकच कसा लिहिलात?"

"घाबरले म्हणून," मी म्हटलं. "माल परवा सुटतोय. सही माझी आहे."

काकांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "एक नग नापास झाला की आम्ही अख्खा लॉट उभा करायचो, पुढे जाऊ द्यायचो नाही. ज्याने उभा केला, तो त्या दिवशी कँटीनला एकटा जेवायचा. शेजारी कुणी बसायचं नाही. मी पुष्कळ वेळा एकटा जेवलोय, बाई." मग श्वास घेऊन सुनीताला म्हणाले, "कागद आण. दोन आण."

एका कागदावर सुनीताने लिहिलं की आमची ड्रायव्हरविरुद्ध तक्रार नाही. दुसऱ्यावर मी लिहिलं. हाताने, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून. या मॉडेलचे सहापैकी सहा नग कव्हर घालून उन्हात ठेवले असता कॉल घेऊ शकले नाहीत. मी केलेली तपासणी चुकीची होती. दत्तात्रय यांनी दोनदा तक्रार केली होती, ती मी त्यांची चूक म्हणून नोंदवली. मी माझी सही मागे घेत आहे. फोटो काढून आदित्यला पाठवला, आणि ब्रँडलाही. पाठवल्याबरोबर आदित्यचे फोन सुरू झाले. मी ते उचलले नाहीत. मला लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

निघताना मी म्हटलं, "काका, मला माफ करा."

"दत्ताला सोडलं," ते म्हणाले. "तुमचं बघू. आधी तो लॉट थांबतो का ते कळवा."

लॉट थांबला. फार तमाशा झाला, तो सांगत बसत नाही. मला तपासणीवरून काढून कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होते. दत्ताभाऊंना सोमवारी चावी मिळाली. ब्रँडने सॉफ्टवेअरमधला तो आकडा बदलला, आचाऱ्यांना एकेक करून आणि उशिरा बाहेर काढायचं ठरवलं, आणि कुठलंही काम चालू असलं तरी कॉलला पहिला मान दिला. माझ्या जागी आलेल्या मुलीने कव्हर घालून तपासणी केली. मी काकांना फोन करून हे सगळं सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "एक नग मला पाठवा. कव्हरसकट. मी स्वतः बघणार."

मी पाठवला. मे महिना होता. ठरल्या दिवशी काकांनी खिडकीत, उन्हाच्या पट्ट्यात फोन ठेवला, नकाशा चालू केला, चार्जर लावला आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. सुनीताने मला मिनिटं कळवायची होती. ती कळवत राहिली. दहा. वीस. पस्तीस. चाळीस. पंचेचाळिसाव्या मिनिटाला तिने लिहिलं, आता करा.

मी कॉल लावला. एक घंटी गेली. मी उभी राहिले. दुसरी घंटी निम्मी झाली आणि तुटली, आणि पलीकडून मला त्यांचा श्वास ऐकू आला, आधी श्वास आणि मग आवाज.

"फोन पास आहे," काका म्हणाले. "तुमचं अजून बघतोय."